अंगणातील हिरवळ आणि तिच्याखालची जमीन : एक आढावा

बुटक्या, जमिनीलगत पसरणाऱ्या गवताचे वारंवार कापून राखलेले एकसंध आच्छादन म्हणजे हिरवळ, किंवा बोलण्यात रुळलेल्या शब्दात लॉन. कंत्राटदाराविना, स्वतःच्या हाताने ते तयार करण्याची हौस महाराष्ट्रातील बंगल्यांच्या वसाहतींत आणि शहराबाहेरच्या शेतघरांत चांगलीच रुजली असून तिच्याबरोबर सल्ल्यांचाही मोठा साठा जमा झाला आहे. या सल्ल्यांत मात्र एकवाक्यता नाही. जमीन हातभर खणावी असे एक मत सांगते, तर खणल्याने तणच जागे होते असे दुसरे. काळी माती काढून लाल माती भरावी असे काही जण मानतात, तर आणलेली माती हाच पुढच्या बहुतेक दुखण्यांचा उगम आहे असे इतरांना वाटते. प्रस्तुत लेखात या मतांचा क्रमाने आढावा घेतला असून भर दख्खनच्या काळ्या जमिनीवर ठेवला आहे, कारण मतभेद सर्वांत तीव्र आहेत ते तेथेच. सल्ला ज्या जमिनीवर तयार झाला ती जमीन आणि तो ज्या जमिनीवर राबवला जातो ती जमीन यांच्यातील अंतर लक्षात घेतले, तर यांतील बरेचसे मतभेद समजू लागतात.

पार्श्वभूमी

मराठी घराच्या अंगणाची जुनी कल्पना चोपून घट्ट केलेल्या, शेणाने सारवलेल्या मोकळ्या जमिनीची होती. तेथे तुळशीवृंदावन असे, धान्य वाळवले जाई, आणि गवत उगवलेच तर ते उपटले जाई. आज हिरवळीसाठी सर्वाधिक लावली जाणारी वनस्पती, म्हणजे हरळी, त्या काळीही सर्वांच्या परिचयाची होती, पण दोन अगदी निराळ्या रूपांत: गणपतीला वाहायची दूर्वा म्हणून ती पवित्र, आणि शेतात शिरली की जमिनीखाली पसरणाऱ्या आपल्या खोडांमुळे, ज्यांना शेतकरी काश्या म्हणतात, ती पिच्छा न सोडणारे तण. काश्या वेचून शेत हरळीमुक्त करणे हे उन्हाळी मशागतीतील कष्टाचे काम होते. जी चिवटपणाची शक्ती शेतकऱ्याला नकोशी, तीच हिरवळ लावणाऱ्याला हवीशी असते, ही गोष्ट पुढच्या चर्चेत अनेकदा उपयोगी पडते.

शोभेसाठी गवत राखण्याची प्रथा इंग्लंडातून आली. तेथील उमरावांच्या बागांत ती सतराव्या-अठराव्या शतकांत स्थिरावली, आणि एडविन बडिंग याने १८३० साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतल्यावर कोयत्याने कापणाऱ्या मजुरांशिवाय किंवा चरणाऱ्या मेंढ्यांशिवायही हिरवळ राखणे मध्यमवर्गीयाला शक्य झाले. भारतात छावण्या, जिमखाने आणि सरकारी बंगले यांच्यामार्फत ती पसरली. ताजमहालासमोरचा आजचा सपाट हिरवा विस्तारही मुघल काळातील दाट वृक्षांच्या आणि फुलझाडांच्या बागेच्या जागी लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीतील फेररचनेतून आला आहे.

या वारशाबरोबर जमीन तयार करण्याची पद्धतही आली. ती थंड हवामानातील गवतांसाठी, वर्षभर थोडाथोडा पाऊस पडणाऱ्या प्रदेशासाठी आणि बहुधा पोयट्याच्या जमिनीसाठी, म्हणजे वाळू, गाळ व चिकणमाती यांचे प्रमाण समतोल असलेल्या जमिनीसाठी घडलेली होती. विसाव्या शतकात तिच्यात दुसरा प्रवाह मिसळला, तो अमेरिकन गोल्फ मैदानांचा. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत खडीच्या थरावर सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा, मुख्यतः वाळूचा थर देण्याची पद्धत सांगितली होती; चेंडू घरंगळण्याच्या जागेसाठी केलेली ही खर्चिक रचना हळूहळू घरगुती सल्ल्यांतही ‘वाळू घाला’ या त्रोटक सूत्राच्या रूपाने उतरली. तिसरा प्रवाह भारतीय उद्यानविद्येच्या पाठ्यपुस्तकांचा आहे, आणि हरळीची टोकण, शेणखताची मात्रा व पावसाळ्याच्या तोंडावरची लागवड या गोष्टी त्यातून आल्या आहेत. आज सामान्य माणसापर्यंत पोहोचणारा सल्ला या तिन्हींचे मिश्रण असतो, पण कोणता भाग कोठून आला हे त्यात सांगितलेले नसते.

जमिनीची ओळख

बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या काळ्या जमिनीत, जिला रेगूर असेही म्हणतात, चिकणमातीचे प्रमाण बहुधा ४० ते ६० टक्के असते आणि त्या चिकणमातीतील मुख्य खनिज पाणी शोषून फुगणारे व वाळल्यावर आकसणारे असते. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि जुलैत तीच जमीन चिखल होऊन बसते. तिचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कता मोजणारा आकडा, साधारणपणे ७.५ ते ८.५ असतो, चुनखडी अधिक असल्यास लोह मुळांना मिळत नाही आणि गवत पिवळे पडते. पालाश तिच्यात सहसा पुरेसे असते, तर नत्र व स्फुरद कमी. कोकणातील जांभ्याची माती याच्या उलट आहे: निचरा उत्तम, सामू आम्लधर्मी, आणि पाण्याबरोबर अन्नद्रव्ये वाहून जाण्याचा धोका मोठा.

तिसरा प्रकार भूशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, पण बंगल्याभोवती तोच सर्वाधिक आढळतो: पायाच्या खोदाईतून निघालेला मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंट आणि वाळू यांचा राडारोडा, वरून पसरलेली दोन-चार इंच माती, आणि ट्रकच्या चाकांखाली दडपलेला खालचा थर. सिमेंटमुळे तिची अल्कता आणखी वाढलेली असते. घरच्या हिरवळीचे अपयश पुष्कळदा या थरात दडलेले असते, म्हणून राडारोडा वेचून आणि चाळून काढणे हे पहिले काम असावे, यावर सर्व पक्षांचे एकमत आहे.

माती तपासून घेण्याबाबतही मतभेद नाही. आवारातील आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती गोळा करायची, ती मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन भाग काढून टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहायचे, ही नमुना घेण्याची रूढ रीत आहे. त्याखेरीज दोन घरगुती चाचण्या उपयोगी ठरतात. काचेच्या बरणीत माती व पाणी ढवळून ठेवले की वाळू मिनिटभरात, गाळ काही तासांत आणि चिकणमाती त्याहून बरीच उशिरा बसते, त्यावरून पोताचा अंदाज येतो. आणि फूटभर खोल खड्डा एकदा भरून जिरू दिल्यावर पुन्हा भरला असता त्यातील पाणी दुसऱ्या दिवशीही उभे राहिले, तर निचऱ्याचा विचार लागवडीआधी करावा लागतो.

माती बदलावी की सुधारावी

सर्वांत मोठा आणि सर्वांत महाग मतभेद येथे आहे. माती बदलण्याच्या बाजूचे म्हणणे असे की, फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जमिनीवर सपाटी टिकत नाही, पावसाळ्यात तिच्यावर चालता येत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. त्यामुळे वरची सहा इंच माती काढून तेथे लाल माती भरावी. हे म्हणणे अनुभवावर आधारलेले आहे, आणि पहिल्या वर्षी अशा हिरवळी बहुधा चांगल्या दिसतात.

हा उपाय किती मोठा आहे हे आकड्यांवरून समजते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर क्षेत्रावर १५ सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर १५ घनमीटरांहून अधिक, म्हणजे साडेपाच ब्रासच्या आसपास माती लागते. ती कोणत्या तरी डोंगरउतारावरून किंवा शेतावरून खरवडून आणलेली असते, आणि निसर्गात असा थर तयार व्हायला शतके लागतात. भरावाची माती व मुरूम गौण खनिजांत मोडत असल्याने त्यांच्या उत्खननाला परवानगी व स्वामित्वधन लागते, आणि विकत घेणाऱ्यानेही त्याची खातरजमा करणे योग्य. शिवाय अशा मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आणि गाजरगवताचे बी घरात येते, ही तक्रार जवळपास सार्वत्रिक आहे.

दुसरा आक्षेप पाण्याच्या गतीविषयी आहे. मोकळ्या लाल मातीतून झरझर उतरलेले पाणी खालच्या चिकण काळ्या थरावर अडते आणि वरचा थर कढईत ठेवल्यासारखा भिजत राहतो. त्यामुळे माती आणायचीच असेल तर तिचा पहिला थर खालच्या मातीत मिसळून घ्यावा आणि दोहोंमध्ये स्पष्ट सीमा राहू देऊ नये, असे बदलाचे समर्थकही आता सांगतात.

सुधारणेच्या बाजूचे मत असे की, हरळी काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्याही मदतीविना वाढली आहे, तेव्हा जमिनीला हवा आहे तो सेंद्रिय पदार्थ आणि उतार. इमारतीपासून दूर जाणारा दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटरचा उतार डोळ्यांना जाणवत नाही, पण साचणाऱ्या पाण्याचा प्रश्न बराचसा सोडवतो. तो मोजण्यासाठी गवंड्याची पाणी भरलेली नळी पुरते. चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत दोन इंच पसरून वरच्या सहा-आठ इंचांत मिसळले की चिकणमातीचे कण रवाळ होऊ लागतात. कच्च्या शेणखताबाबत मात्र सर्वच जाणकार सावध करतात, कारण त्यातून तणांचे बी आणि हुमणीच्या अळ्या येतात, आणि हुमणी गवताची मुळे कुरतडून हिरवळ जागोजागी सुकवते. या मतातील उणीव वेळेची आहे: सेंद्रिय पदार्थ आपल्या उष्ण हवेत लवकर जळून जातो, आणि तो दरवर्षी थोडाथोडा देत राहावा लागतो.

वाळू मिसळण्याचा सल्ला या दोहोंच्या मध्ये उभा आहे आणि त्याची शास्त्रीय बाजू बरीच स्पष्ट आहे. वाळूचे कण एकमेकांना टेकतील इतकी वाळू, म्हणजे मिश्रणात निम्म्याहून बरीच अधिक, असेल तरच त्यांच्यामध्ये मोठी छिद्रे उरतात. त्याहून कमी वाळू चिकणमातीत नुसती रुतून बसते आणि मिश्रण वाळल्यावर विटेसारखे कठीण होते. काळ्या जमिनीत दोन-चार घमेली वाळू टाकण्याने म्हणूनच काही साधत नाही. नदीच्या वाळूऐवजी मिळणाऱ्या कृत्रिम वाळूत बारीक भुकटी अधिक असल्यास छिद्रे भुकटीनेच भरतात, हाही मुद्दा लक्षात घ्यावा लागतो.

जिप्समचा प्रश्न असाच नीट वाचायला हवा. मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम जेथे जास्त आहे अशा चोपण जमिनीत, उदाहरणार्थ विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या काही भागात किंवा अतिपाण्याने बिघडलेल्या ऊसपट्ट्यात, जिप्समचा उपयोग सिद्ध आहे, कारण त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. पण चुनखडीयुक्त आणि चोपण नसलेल्या काळ्या जमिनीत कॅल्शियम आधीच भरपूर असतो, तेथे त्याच लाभाची अपेक्षा धरण्यास आधार थोडा आहे. माती तपासणीचा अहवाल हाती असेल तर हा वाद उरतच नाही.

खणणे आणि तण

जुनी पाठ्यपुस्तके ३० ते ४५ सेंटिमीटर खोल खणून ढेकळे उन्हात तापू द्यावीत असे सांगतात. नव्या मतानुसार १५ ते २० सेंटिमीटर पुरे, कारण त्याखालचा थर उलथल्यास खालची निकस, चुनखडीची माती वर येते आणि जमीन पुढे असमान बसते. हाताने काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही: एक गुंठा २० सेंटिमीटर खणणे म्हणजे वीस घनमीटर, वजनाने साधारण पंचवीस टन माती हलवणे. खाली दडपलेला थर असेल तर पहारेने जागोजागी फोडून घ्यावा आणि माती उलथू नये, हा मधला मार्ग अलीकडे अधिक मान्य होत आहे.

खणण्याच्या प्रश्नाला तणाचा प्रश्न जोडलेला आहे, आणि तेथे लव्हाळा हा खरा प्रतिस्पर्धी आहे. त्याच्या गाठी, ज्या वाळल्यावर नागरमोथा म्हणून विकल्या जातात, जमिनीखाली साखळीने जोडलेल्या असतात आणि साखळीतील टोकाची गाठ इतरांना निद्रिस्त ठेवते. कुदळीने साखळी तुटली की सुटी झालेली प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते, म्हणून एकदाच खणून थांबणे हे न खणण्यापेक्षा वाईट ठरू शकते.

यावर तीन मार्ग सांगितले जातात. पहिल्यात जमीन तयार करून पाणी द्यायचे, तण उगवू द्यायचे, गाठींसह काढायचे, आणि हे दोन-तीन वेळा करायचे. तो निर्धोक आहे, पण चार-सहा आठवडे मागतो. दुसरा मार्ग ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून ती उन्हाने तापवण्याचा असून इस्राएलमध्ये १९७० च्या दशकात त्याचा शास्त्रीय अभ्यास पुढे आला. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तणांचे बी व काही रोगजंतू त्याने मरतात, मात्र खोलवरच्या लव्हाळ्याच्या गाठी पुष्कळदा वाचतात. तिसरा मार्ग ग्लायफोसेट या तणनाशकाचा आहे. ते पानांतून गाठींपर्यंत जाते, त्यामुळे लव्हाळ्यावर परिणामकारक आहे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ते कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे मत त्याहून वेगळे राहिले, आणि भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. स्वतः हिरवळ लावणाऱ्यापुरता या मार्गाचा निकाल त्या आदेशाने कायद्यानेच लावला.

गवताची निवड आणि लागवडीच्या रीती

हरळी उष्ण प्रदेशातील गवत असून २७ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात जोमाने वाढते, ऊन मागते आणि सावलीत विरळ होते. तिच्या संकरित जातींपैकी ‘टिफवे’ ही जॉर्जियातील टिफ्टन येथे तयार होऊन १९६० साली प्रसारित झाली; अशा जाती बी धरत नाहीत, म्हणून त्यांची लागवड मुळ्यांनी किंवा लाद्यांनीच करावी लागते. दाट गालिच्यासारखी दिसणारी, ‘कार्पेट’ किंवा ‘कोरियन’ म्हणून विकली जाणारी झोयशिया प्रजातीतील गवते सावकाश पसरतात आणि कमी कापावी लागतात. रोपवाटिकांतील नावे व शास्त्रीय नावे यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही, त्यामुळे घेण्यापूर्वी त्या गवताची वाढलेली हिरवळ पाहून येणे हाच भरवशाचा उपाय आहे.

लागवडीच्या चार रीती आहेत. बियांची पेरणी सर्वांत स्वस्त, कारण हरळीचे बी इतके बारीक असते की गुंठ्याला ३०० ग्रॅम ते एक किलो पुरते. पण पहिल्या सरीने ते वाहून जाते आणि चिमण्या-मुंग्या ते नेतात. टोकण, म्हणजे मुळ्यांचे लहान झुपके ७ ते १० सेंटिमीटरांवर खुरप्याने लावणे, ही महाराष्ट्रात सर्वाधिक रुळलेली रीत आहे. दहा सेंटिमीटर अंतर धरले तरी गुंठ्याला दहा हजार झुपके लागतात, म्हणून ती कष्टाची, पण खर्चाने हलकी आणि जमिनीशी गवताची थेट गाठ घालून देणारी आहे. तिसऱ्या रीतीत हरळीचे तुकडे, माती, शेण आणि थोडी राख पाण्यात कालवून तो काला ओल्या जमिनीवर लिंपतात. चौथी रीत तयार लाद्या विटांसारख्या सांधे चुकवून बसवण्याची. ती एका दिवसात हिरवेपणा देते, पण लादीखाली चिकटलेली माती आणि घरची माती यांचे पोत वेगळे असल्यास मुळे खाली उतरायला कचरतात. खालची तयारी न करता लाद्या अंथरल्या तर दोष झाकले जातात आणि ते नंतर दुरुस्त करणे फार जड जाते.

हंगाम

फेब्रुवारी-मार्चमधील लागवडीत तण कमी आणि ऊन भरपूर असते, पण कोवळ्या गवताला पाणी नेमके टंचाईच्या महिन्यांत लागते. पावसाळ्याच्या आरंभीची लागवड पाणी वाचवते, परंतु काळ्या जमिनीत तिला एक अट आहे, ती वाफशाची. मातीत ओल आणि हवा यांचे प्रमाण जुळून ती मुठीत दाबली असता गोळा होते आणि बोटाने हलकेच दाबताच फुटते, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. त्याआधी पाय टाकला तर पावलागणिक जमीन दडपते. म्हणून मशागत, उतार आणि खत मेअखेर पुरे करावे, पहिल्या एक-दोन पावसांत जमीन बसू द्यावी, खड्डे भरून घ्यावेत, आणि नंतरच्या उघडिपीत वाफशावर टोकण करावी, हा क्रम घाटमाथ्याच्या पूर्वेकडे सर्वत्र लागू पडतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर मात्र जून-जुलैच्या झडीत रोप उखडते, तेथे ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर अधिक सोयीचा. उत्तर महाराष्ट्र व विदर्भ येथे थंडीत हरळीची वाढ मंदावते, त्यामुळे नोव्हेंबरनंतरची लागवड कोणीच सुचवत नाही.

पाणी आणि न सुटलेले प्रश्न

जमिनीच्या तयारीवरील चर्चा आता पाण्यापासून वेगळी ठेवता येत नाही. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीची गरज दिवसाला पाच मिलिमीटर धरली तरी एका गुंठ्याला रोज पाचशे लिटर लागतात, आणि शहरी पाणीपुरवठ्याच्या माणशी १३५ लिटरांच्या मानकाने पाहता हा जवळपास चार माणसांचा वाटा होतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत असताना मुंबई उच्च न्यायालयाने महिनाअखेरीनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा मैदानांना लागणारे पाणी हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. खाजगी अंगणातील हिरवळीलाही तोच प्रश्न लागू आहे.

यावर एक मत असे की, हिरवळीचा हव्यासच आटोपता घ्यावा आणि जेथे पाय पडतो तेवढ्याच जागी ती ठेवून बाकी जागा स्थानिक झुडपांना व आच्छादनाला द्यावी. दुसऱ्या मताप्रमाणे सांडपाणी प्रक्रियेचे पाणी वापरल्यास आक्षेप उरत नाही. परंतु अशा पाण्यात क्षार जास्त असल्यास मंद निचऱ्याची काळी जमीन काही वर्षांत चोपण होण्याकडे झुकू शकते, याचा विचार या मताच्या मांडणीत सहसा दिसत नाही. तिसरे मत जमिनीकडेच परत येते: मुळे फूटभर खाली गेली तर काळ्या जमिनीतील साठलेली ओल हरळीला आठवडाभर पुरू शकते, आणि जी पाणीधारणक्षमता माती बदलणाऱ्यांना दोष वाटते तीच उन्हाळ्यात गुण ठरते. या अर्थाने ‘बदल की सुधारणा’ हा प्रश्न शेवटी पावसाळ्यातील सोय आणि उन्हाळ्यातील काटकसर यांपैकी कशाला अधिक मोल द्यायचे, असाही मांडता येतो.

निर्णायक उत्तर अद्याप न मिळालेल्या गोष्टींत खताच्या वार्षिक मात्रेचा क्रम वरचा आहे. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी पिकांच्या उत्पादनाला धरून असतात, मैदानांवरील काम खेळाच्या गरजेला धरून चालते, आणि घरच्या हिरवळीला उत्पादनही नको असते आणि चेंडूची गतीही. फुगणाऱ्या जमिनीवरील सपाटीचा प्रश्नही तसाच आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर अशी जमीन जागोजागी खचते, आणि तेथे त्याच आवारातील चाळलेली माती व जुने खत तीन ते पाच मिलिमीटरच्या पातळ थरांत वर्षातून दोनदा पसरत राहावे, गवत त्यातून वर येऊ द्यावे, ही रीत वापरात आहे. तिने सपाटी कायमची येते की दर उन्हाळ्याच्या भेगांबरोबर पुन्हा मोडते, याबद्दल ती वापरणाऱ्यांचे अनुभव जमिनीच्या खोलीनुसार वेगवेगळे आहेत: मुरूम फूट-दीड फुटावर लागतो अशा उथळ जमिनीत ती दोन-तीन वर्षांत स्थिरावते, तर नदीकाठच्या पुरुषभर खोल काळ्या जमिनीत दरवर्षी घमेले आणि दंताळे घेऊन उतरावेच लागते.